पैसे दिले, तरी टॅलीत देणं उभंच का?

चोपड्याला एका पाइप-मोटारीच्या दुकानात गल्ल्याशेजारी बसून मी देण्यांची यादी वाचत होतो. मार्चचा तिसरा आठवडा, दुपारचे तीन, पंखा नुसता आवाजापुरता. वर्षाहून जुनी बिलं तेवढी टॅलीतून, म्हणजे दुकानाच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधून, काढली होती: 47 नावं, 14 लाख 62 हजार रुपये. मी एकेक नाव वाचायचो आणि दुकानदार भाऊ म्हणायचे, "त्याचे तर कधीच देऊन टाकले." दहाव्या नावाला ते वैतागले. "साहेब, एवढे पैसे मी थकवले असते तर या लोकांनी मला पुन्हा माल दिला असता का?"

बिनतोड प्रश्न. बाजारात भाऊंची पत चांगली, माल वेळेवर येतोय, तगाद्याचा एक फोन नाही. तरी यादी सांगते की हा माणूस चार-चार वर्षं लोकांचे पैसे दाबून बसलाय. जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात दुकानांच्या वह्या बघत मी बरीच वर्षं काढली. अशी यादी नसलेलं दुकान मला फार क्वचित भेटलं. म्हणून ही यादी येते कुठून आणि ती साफ कशी करायची, हे जरा निवांत सांगतो.

यादी आताच का टोचू लागली

पूर्वी ही यादी कुणी उघडत नसे. ताळेबंदाला देण्यांचा एकूण आकडा लागायचा, तो मिळाला की काम झालं. 2024 च्या मार्चमध्ये मात्र घरोघरचे सीए एकच प्रश्न विचारू लागले: कुठल्या बिलाचे पैसे किती दिवसांत दिले?

कारण होतं प्राप्तिकर कायद्यातलं 43बी(एच). 2023 च्या वित्त कायद्याने आणलेली ही तरतूद 2023-24 या आर्थिक वर्षाच्या हिशोबापासून लागू झाली. सुरतच्या कापड बाजारात त्यावरून मोठी ओरड झाली, आपल्याकडेही चहाच्या टपरीवर लोक 'त्रेचाळीस बी एच' म्हणू लागले. नियम असा: उद्यम नोंदणी (सरकारकडची लहान उद्योगांची नोंदणी) असलेल्या सूक्ष्म किंवा लघु कारखानदाराकडून माल घेतला, किंवा तशा माणसाकडून सेवा घेतली, तर लेखी करार नसेल तेव्हा 15 दिवसांत आणि करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे. ही मुदत उलटून 31 मार्चलाही ते बिल थकीत असेल, तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. ज्या वर्षी पैसे द्याल त्या वर्षी धरा. निव्वळ व्यापारी, म्हणजे एकाकडून घेऊन दुसऱ्याला विकणारा, यात येत नाही. मध्यम उद्योगही नाही. 1 एप्रिल 2025 पासून लघु उद्योगाची मर्यादा 100 कोटी उलाढाल आणि 25 कोटी गुंतवणूक अशी वाढली, त्यामुळे जळगाव एमआयडीसीतले पाइपवाले, चटईवाले, डाळमिलवाले आणखीच मोठ्या संख्येने या कक्षेत बसतात.

आता गंमत बघा. भाऊंनी पाइपवाल्याला पैसे वीस दिवसांत दिलेले, करार 45 दिवसांचा. पण टॅली म्हणते ते बिल अजून उभं आहे. ऑडिटला बसलेला मुलगा टॅलीचं ऐकणार की भाऊंचं?

नवा प्राप्तिकर कायदा, 2025 सालचा, 1 एप्रिल 2026 पासून लागू झाला आणि कलमांचे आकडे बदलले. म्हणून पुढे मी आकड्यांचा जप करणार नाही. हे एकच नाव लोकांच्या तोंडी बसलंय म्हणून घेतलं.

एक बिल, दोन नोंदी

उधारीवर माल घेतला की वहीत एक नोंद होते: खरेदी खातं नावे, पार्टीचं, म्हणजे माल देणाऱ्याचं, खातं जमा. पैसे दिले की दुसरी होते: पार्टी नावे, बँक जमा. या दोन नोंदी वेगवेगळ्या दिवशी, कधी वेगवेगळी माणसं करतात. दोघींची गाठ पडली की बिल संपतं. गाठ पडली नाही तर दोघी आपापल्या जागी उभ्या राहतात.

गाठ म्हणजे काय ते आखाजीवरून, म्हणजे अक्षय्य तृतीयेवरून, सांगतो. आपल्या खान्देशात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवरच्या गड्याचं, साल (वर्षाची ठरलेली मजुरी) आखाजीला फिटतं. वर्षभर त्याने उचल घेतलेली असते, कधी दवाखान्याला, कधी पोळ्याला, कधी बहिणीच्या लग्नाला. आखाजीला मालक आणि सालदार ओट्यावर बसतात आणि ठरलेल्या सालातून एकेक उचल वजा करत जातात. समजा एक पाच हजारांची उचल वहीत आहे, पण ती मागच्या सालातली की या सालातली हे लिहिलेलंच नाही. पैसे गेले यात वाद नाही, वाद आहे ते कशातून वजा करायचे याचा. असं तीन वर्षं चाललं तर मागचं साल कधीच फिटत नाही, सालदार मात्र पैसे घेऊन मोकळा झालेला असतो.

टॅलीत या अनिर्णित उचलीला 'ऑन अकाउंट' म्हणतात. पेमेंट टाकताना सॉफ्टवेअर विचारतं, हे पैसे कुठल्या बिलापोटी? नंबर निवडला की 'अगेन्स्ट रेफ' होतं आणि बिल मिटतं. घाईत एंटर मारत सुटलं की 'ऑन अकाउंट' होतं. पार्टीची एकूण बाकी बरोबर येते, म्हणून कुणाला शंका येत नाही. बिलवार यादी काढली की मात्र एका बाजूला चार वर्षांपूर्वीची बिलं आणि दुसऱ्या बाजूला बेवारस पैसे, असं चित्र दिसतं.

आपल्या भागात हे जास्त होतं आणि त्याला कारण आहे. केळीचं पेमेंट आलं, कापूस गेला, की शेतकरी दुकानदाराचे पैसे देतो. तेही ठोक. मग दुकानदार वरच्या व्यापाऱ्याला ठोक पाठवतो: आज पन्नास हजार, पोळ्यानंतर लाख. ते कुठल्या बिलाचे हे पाठवणाऱ्यालाही माहीत नसतं. भाऊंच्या 14 लाख 62 हजारांपैकी 6 लाख 90 हजार निव्वळ असे होते. ते मिटवायला एक रुपयाही लागला नाही, तीन दुपारी लागल्या.

जुनी बाकी आणखी कुठून येते

दुसरा मोठा गठ्ठा दुहेरी खात्यांचा. एकच पार्टी, एकदा 'श्री' लावून आणि एकदा 'श्री' न लावता. बिलं एकीत जमा, पैसे दुसरीत नावे. एक खातं म्हणतं आपण देणं लागतो, दुसरं म्हणतं पार्टीच आपलं देणं लागते. यादीत फक्त पहिलं दिसतं. जीएसटी नंबर लावून खाती चाळली तर अशा जोड्या अर्ध्या तासात सापडतात. भाऊंकडे 2 लाख 15 हजार यात अडकले होते.

तिसरा प्रकार फोनवरच्या पैशांनी आणला. दुकानाच्या खात्यात शिल्लक नाही, ट्रक दारात उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. भाऊ स्वतःच्या मोबाइलवरून, घरच्या बचत खात्यातून पैसे पाठवतात. पार्टीला मिळाले, पण दुकानाच्या बँकेत ते दिसणारच नाहीत, म्हणून हिशोबनीसाच्या हाती लागले नाहीत. 1 लाख 38 हजार. याची दुरुस्ती सोपी: पार्टी नावे, मालकाचं भांडवल जमा. भागीदारी असेल तर त्या भागीदाराचं भांडवल, कंपनी असेल तर संचालकाचं कर्ज. घरच्या पासबुकाचा उतारा त्या व्हाउचरला जोडून ठेवायचा. पैसे नेमके कोणत्या तारखेला गेले, हे पुढे जीएसटीला कामाला येतं.

चौथा प्रकार सांगताना मला ती तार आठवते. भाऊंच्या टेबलामागे भिंतीला गंजलेली तार आहे, तिला खाली आकडा, त्यात बिलं टोचलेली. एका मोटारवाल्याचं 94,400 रुपयांचं बिल यादीत होतं. त्याच रकमेचं आणखी एक बिल पैसे देऊन मिटलेलं. एकाचा नंबर 412, दुसऱ्याचा 42. तारेवरून बिल काढलं तेव्हा कळलं की तार बरोबर मधल्या आकड्यातून गेली होती! आधी कुणीतरी व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवरून 412 टाकलं, महिन्याने दुसऱ्याने तारेवरचं बिल वाचून 42 टाकलं. नंबर वेगळा म्हणून सॉफ्टवेअरला शंका आली नाही. जीएसटी पोर्टलवरच्या 2बी मध्ये, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांच्या यादीत, बिल एकदाच होतं, पण इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वळती) वह्यांवरून घेतलेलं, म्हणजे दोनदा. ही नुसती कारकुनी चूक राहत नाही. 80,000 खर्च जास्त धरलेला आणि 14,400 कर जास्त वळता केलेला असतो.

मग सुटी फुटकळ बाक्या. परत पाठवलेल्या मालाची डेबिट नोट, म्हणजे पार्टीचं देणं तेवढं कमी करणारी नोंद, टाकलीच नाही. पार्टीने दोन टक्के वटाव दिला, आपण तेवढे कापून पैसे दिले, वहीत बिल पूर्ण रकमेचं. राउंडिंगचे चाळीस-पन्नास पैसे. सॉफ्टवेअर बदललं तेव्हा जुन्या बाक्या एकगठ्ठा ओपनिंगला, म्हणजे सुरुवातीच्या बाकीत, टाकलेल्या. भाऊंकडे हे सगळं मिळून 61,600.

फुटकळ आहे म्हणून डोळे मिटून कसर खात्याला, म्हणजे किरकोळ फरकांच्या खात्याला, टाकू नका. ही चूक मी स्वतः केली आहे. उमेदवारीच्या काळात एका जिनिंगच्या वह्यांत 31 मार्चच्या रात्री हजाराच्या आतल्या साठ बाक्या मी एका जर्नलने, म्हणजे पैसे न हलवता केलेल्या वहीतल्या नोंदीने, उडवल्या. त्यात एक 840 रुपयांची होती. जुलैत एका मजूर ठेकेदाराचा फोन आला: "माझे 840 सरकारात भरले नाहीत का?" त्याच्या 84,000 च्या बिलातून एक टक्का टीडीएस (त्याच्या नावे सरकारात भरायचा कर) कापून 83,160 दिले होते, टीडीएसची नोंद राहिली होती आणि उरलेली बाकी मी आमचं उत्पन्न म्हणून दाखवली होती. कापून न भरलेल्या टीडीएसला महिना दीड टक्का व्याज. रक्कम चिल्लर होती, पण मालकासमोर उभं राहताना ती चिल्लर वाटली नाही.

आधी उतारा, मग दुरुस्ती

घरी दूधवाल्याचा हिशोब कसा होतो? आपण कॅलेंडरवर खुणा करतो, तो त्याच्या डायरीत लिहितो. महिनाअखेर दोन्ही शेजारी ठेवतो. तो म्हणतो 29 लिटर, आपण म्हणतो 28. मग आठवतं, पाहुणे आले तेव्हा एक जास्तीचं घेतलं होतं. नुसतं आपलं कॅलेंडर कितीही वेळा मोजलं तरी ते लिटर सापडत नाही.

देण्यांचंही तसंच आहे. पार्टीकडून खाते उतारा मागवायचा, तिच्या वहीतलं आपलं खातं. आपल्या वहीत जे जमा ते तिच्या वहीत नावे, एवढं लक्षात ठेवून ओळीला ओळ लावायची. आपल्याकडे आहे तिच्याकडे नाही, तिच्याकडे आहे आपल्याकडे नाही, रक्कम वेगळी, तारीख वेगळी. चार रंगांच्या पेन्सिली पुरतात. मोठ्या पाच-सहा पार्ट्यांपासून सुरुवात करा, कारण यादीचा बहुतेक आकडा त्यांच्यातच असतो. पन्नास रुपयांच्या बाकीमागे धावून पहिला दिवस घालवणारे हिशोबनीस मी पाहिलेत. त्यांची यादी कधीच संपत नाही.

एक गोष्ट उलट्या बाजूचीही असते. दिलेला चेक पार्टीने बँकेत टाकलाच नाही. वहीत देणं मिटलेलं, प्रत्यक्षात उभं. चेक तीन महिन्यांत शिळा होतो (2012 च्या एप्रिलपासून, त्याआधी सहा होते). असा चेक उलटवायचा आणि देणं परत उभं करायचं. साफसफाईत यादी कमी होते तशी कधीकधी वाढतेही. ती वाढली की मालक नाराज होतात, त्याला इलाज नाही.

"उतारा मागितला की झोपलेला गडी जागा होईल"

ही शंका दर तिसरा दुकानदार बोलून दाखवतो. जो विसरलाय त्याला आठवण कशाला द्या?

'तुमच्याकडचा आमचा उतारा पाठवा' एवढं म्हणणं म्हणजे देणं कबूल करणं नव्हे. पण 'आमच्या वहीप्रमाणे तुमचे 1 लाख 80 हजार निघतात' असं लिहून सही केलीत तर ती कबुली होते. मुदत संपायच्या आत अशी लेखी कबुली दिली तर वसुलीची मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते. म्हणून ज्या बाकीबद्दल वाद आहे तिथे आकडा लिहून पाठवू नका, उतारा मागा. जिथे वाद नाही तिथे लपवण्यासारखं काही नाहीच.

तीन वर्षं झाली की देणं संपतं का?

नाही. 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे मालाच्या किमतीसाठी दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षं. ती संपली की पार्टीची कोर्टात जायची वाट बंद होते. देणं तिथेच असतं. गावातल्या विहिरीचा दोर तुटला म्हणून पाणी आटत नाही, तसं. सुप्रीम कोर्टाने 1999 मध्ये सुगौली शुगर वर्क्सच्या खटल्यात हाच मुद्दा धरला: मुदत उलटली एवढ्यावरून कर्ज नाहीसं होत नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा की 'तीन वर्षं' हा आपोआप खोडण्याचा शिक्का नाही. चोपड्याच्या यादीत एक बाकी चार वर्षांची होती आणि पार्टीचा माणूस दर दिवाळीला मिठाई घेऊन येत होता.

"मग सरळ राइट ऑफ करू, विषय संपला"

राइट ऑफ म्हणजे पार्टी नावे आणि 'जुन्या बाक्या वळत्या' अशा उत्पन्न खात्याला जमा. एका जर्नलचं काम. इथेच बहुतेकांचा पाय घसरतो.

पहिली गोष्ट, ते करपात्र उत्पन्न आहे. ज्या वर्षी माल घेतला त्या वर्षी तुम्ही खर्च धरून कर वाचवलात, आता पैसे देणारच नाही म्हणता, तर तेवढं उत्पन्न धरा, असा सरळ हिशोब. पार्टीने सोडून दिलं नसलं, तुम्ही एकट्याने वहीतून खोडलं, तरी तेच लागू. तसं स्पष्टीकरण कायद्यात 1 एप्रिल 1997 पासून आहे.

दुसरी गोष्ट जीएसटीची आणि ती राइट ऑफची वाट बघत नाही. बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत तर त्या बिलावर घेतलेलं इनपुट क्रेडिट परत करावं लागतं, व्याजासह. अर्धे दिले असतील तर उरलेल्या अर्ध्यापुरतं. एक लाखाच्या पाइपवर 18 टक्क्यांनी 18,000 घेतले असतील तर ते 18,000. नंतर पैसे दिले की क्रेडिट परत घेता येतं. म्हणजे चार वर्षं जुनी खरीखुरी बाकी आज खोडायला बसलात, तर आधी विचारा: 180 दिवस झाले तेव्हा क्रेडिट परत केलं होतं का? बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असतं.

आणि आता मागे वळून त्या 6 लाख 90 हजारांकडे बघा. पैसे दिलेले, फक्त गाठ न पडलेली. ते राइट ऑफ केले असते तर भाऊंनी न कमावलेल्या 6 लाख 90 हजारांवर कर भरला असता आणि 'ऑन अकाउंट'चे बेवारस पैसे तरी तसेच राहिले असते. वर स्वतःच्या हाताने लिहून दिलं असतं की बिलांचे पैसे दिले नाहीत! दुहेरी बिलाला राइट ऑफ चालत नाही, तिथे खरेदी उलटवून कर परत करायचा. डेबिट नोट राहिली असेल तर डेबिट नोटच टाकायची, पार्टीची क्रेडिट नोट पोर्टलवर दिसते का ते बघून. माझं मत स्पष्ट आहे: राइट ऑफ हा साफसफाईतला शेवटचा झाडू. तो पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला मी आधी पार्टीचं खातं छापून आणायला लावतो.

मागच्या वर्षात हात घालायचा का?

रिटर्न भरलं गेलंय त्या वर्षातली रक्कम, तारीख, खातं बदलायचं नाही. चूक सापडली की दुरुस्ती चालू वर्षात टाकायची आणि खाली नॅरेशनमध्ये लिहायचं: अमुक तारखेचं बिल दोनदा नोंदलं होतं, म्हणून. दोन ओळी जास्त लिहा, पण लिहा. दोन वर्षांनी नोटीस आली तर ती जर्नल कशाची हे तुम्हालाही आठवणार नाही.

निव्वळ बिलाची गाठ बदलली, 'ऑन अकाउंट'चं 'अगेन्स्ट रेफ' केलं, तर कुठल्याही खात्याची बाकी बदलत नाही, ताळेबंदही नाही. तरी बंद वर्षातलं व्हाउचर उघडायचं नसेल तर चालू वर्षात एकाच पार्टीवर जर्नल टाकता येतं: पार्टी नावे त्या बिलापोटी, तीच पार्टी जमा 'ऑन अकाउंट'. रक्कम तीच, परिणाम शून्य, बिल मिटलं.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे पार्टीची ओपनिंग बाकीच शून्य करून टाकायची. क्षणभर यादी स्वच्छ दिसते. मग ताळेबंदात 'डिफरन्स इन ओपनिंग बॅलन्स' नावाची ओळ उगवते आणि ती झाकायला आणखी एक खोटी नोंद लागते. कंपनी असेल तर 1 एप्रिल 2023 पासून सॉफ्टवेअरमध्ये बदलांची नोंद राहणं बंधनकारकच आहे, कुणी कधी काय बदललं ते दिसतं. दुकानदाराला, भागीदारीला ते बंधन नाही, पण म्हणून हात मोकळे सोडू नयेत.

रोखीने दिले असं दाखवलं तर?

नको. एक तर ते खोटं. दुसरं, पार्टीच्या वहीत ती रोख कधीच आलेली नसणार. तिसरं, एका दिवसात एका माणसाला दहा हजारांपेक्षा जास्त रोख देऊन मागच्या वर्षाचं देणं फेडलं तर ती रक्कम तुमच्या उत्पन्नात धरली जाते. वाहतूकवाल्याला 35 हजारांपर्यंत सवलत आहे, आणि शेतकऱ्याला त्याच्या पिकाचे पैसे रोख दिले तर तेही चालतं. पाइपवाल्याला नाही.

यादी तशीच ठेवली तर बिघडतं काय?

कराचं वर आलंच. पण दुकानदाराला जास्त झोंबतं ते बँकेचं. कॅश क्रेडिटची, म्हणजे मालाच्या तारणावरच्या कर्जाची, उचल किती मिळणार हे ठरवताना बँक स्टॉकमधून देणी वजा करते, कारण ज्या मालाचे पैसेच दिले नाहीत तो तारण कसा धरणार? उरलेल्यातून मार्जिन, म्हणजे दुकानदाराचा स्वतःचा वाटा, कापते, समजा 25 टक्के. 'ऑन अकाउंट' आणि दुहेरी खात्यांची एकूण बाकी मुळात बरोबरच होती, ती इथे धरायची नाही. भाऊंच्या ताळेबंदात खोटी उभी असलेली देणी म्हणजे घरच्या फोनवरून दिलेले 1,38,000, दुहेरी बिलाचे 94,400 आणि फुटकळ 61,600: मिळून 2 लाख 94 हजार. त्याच्या 75 टक्के धरले तर 2 लाख 20 हजार 500 रुपयांची उचल त्यांनी वर्षानुवर्षं गमावली होती. आणि त्याच काळात, मे महिन्यात मोटारींचा सीझन आला की, भाऊ बाहेरून महिना दोन टक्क्यांनी पैसे उचलत होते. हे सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. पोराला चहा सांगितला.

इथे मात्र एक सावधगिरी. ही साफसफाई उचल वाढवण्याच्या घाईने केली तर खरी देणीही उडतात. बँकेचा माणूस पार्टीला फोन लावू शकतो.

47 नावांचं पुढे काय झालं

गाठी मारल्या, खाती जोडली, घरचे पैसे भांडवलात घेतले, दुहेरी बिल उलटवून कर व्याजासह परत केला. 2 लाख 63 हजार उरले, तीन नावं, तिन्ही खरी.

एक, 1 लाख 80 हजारांची, मोटारींची. लॉटमधल्या अकरा मोटारी पहिल्याच उन्हाळ्यात जळाल्या, भाऊंनी परत पाठवल्या, कंपनी म्हणते वायंडिंग ग्राहकाने जाळलं. हा वाद आहे, तो मिटेपर्यंत बाकी जशीच्या तशी ठेवायची. 180 दिवसांचं क्रेडिट परत केलं, कागद फाइलला लावले. दुसरी 68 हजारांची, ती भाऊ खरोखरच विसरले होते. मिठाईवाला माणूस तोच. त्याच संध्याकाळी आरटीजीएसच्या ऐवजी एनईएफटी केलं, कारण दोन लाखांच्या आतला आकडा, आणि त्याला फोन लावून माफी मागितली. तो म्हणाला, मला माहीत होतं, तुम्ही कुठे जाताय.

तिसरी 15 हजारांची. पारोळ्याचा एक फिटिंगवाला, दुकान बंद होऊन चार वर्षं झाली, फोन लागत नाही. ही राइट ऑफ करायला काही हरकत नव्हती, मी जर्नलही तयार ठेवलं होतं. भाऊ म्हणाले, "थांबा. त्याचा पोरगा एरंडोलला रसवंती चालवतो असं ऐकलंय. उन्हाळा आहे, एकदा जाऊन येतो."

ते जर्नल अजून माझ्याकडे पडून आहे.